समुद्रातल्या गोड पाण्याची बाटली

मी एक जुनी होडी आहे, हे वेगळं सांगायला नकोच. माझ्या फळ्या बघा, त्यांच्यावरचा उडालेला निळा रंग बघा, आणि मुख्य म्हणजे मी कुठे उभी आहे ते बघा. पाणी माझ्यापासून दीडशे पावलं लांब आहे! होडीनं पाण्यापासून दीडशे पावलांवर उभं राहायचं म्हणजे मासळीनं माडावर बसण्यासारखंच झालं. पण मित्रांनो, मी रडगाणं गाणार नाही. मला पहिल्यापासून एकच खोड आहे, चौकशीची. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, अमक्याच्या डब्यात काय आहे, तमकीच्या पत्रात काय लिहिलंय, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या खोडीपायी मी पुष्कळ पाहिलं, आणि एकदा तर असं काही पाहिलं की ते तुम्हाला खरंच वाटणार नाही.

माझा जन्म बहरीनमधल्या मुहर्रकचा, पण माझं लाकूड मलबारातलं. जहाजात आडवं पडून ते इथवर आलं. मला बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुतारानं कागदावर एक रेघही ओढली नाही. तो एक डोळा मिटायचा, माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "अजून दोन बोटं." झाली मापं! अशा सरळ नाळेच्या, म्हणजे सरळ उभ्या नाकाच्या, होडीला इथे जालबूत म्हणतात. वीस वर्षं मी नजीब नावाच्या कोळ्याकडे होते. मासळी वाहिली, खजूर वाहिला, बकऱ्या वाहिल्या. बकऱ्यांनी माझा दोर खाल्ला, तो राग अजून गेलेला नाही.

मग फायबरच्या होड्या आल्या. हलक्या, चकचकीत, गळती नाही की डागडुजी नाही. नजीबनं त्यातली एक घेतली आणि १९७६ साली मला तुबलीच्या उथळ खाडीकाठी चिखलात ओढून ठेवलं. "खलास," एवढंच म्हणाला. पाच वर्षं मी तिथेच होते. माझ्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आता कोंबडीकडून जगाच्या बातम्या त्या काय मिळणार? माझा जीव नुसता आंबून गेला.

१९८१ च्या जानेवारीत एक चष्मेवाले गृहस्थ आले. चंद्रशेखर त्यांचं नाव, पुण्याचे, वातानुकूलन यंत्रांचे इंजिनिअर. लहानपणी पुण्याच्या कालव्यात त्यांनी शेकडो कागदी होड्या सोडल्या होत्या आणि एकही परत आली नव्हती, असं ते सांगायचे. त्यांच्या ऑफिसातल्या एका इंग्रज माणसानं त्यांना एक मासिक दिलं होतं. त्यात कालव्यांतून फिरणाऱ्या लांबट, अरुंद होड्यांची चित्रं होती. आत पलंग, चूल, पडदे, खिडकीत फुलांची कुंडीसुद्धा! ते मासिक त्यांनी माझ्या काठावर उघडं ठेवलं, आणि मी ते चोरून पाहिलं. अहाहा! होडीच्या पोटात घर! असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

त्यांच्याबरोबर रावजी होता. रावजी विजयदुर्गाच्या खाडीकाठचा सुतार. त्याच्या बापानं शिडाचे मचवे बांधले आणि हाकले, पण रावजी मात्र आठ वर्षं बहरीनमध्ये एका कारखान्यात दारांच्या चौकटी करत होता. त्यानं माझ्या फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला म्हणता!

"साहेब, हाडां बरी आसत हिची," तो म्हणाला. "चामडी तेवढी गेलीहा."

नजीबनं मला विकलं, पण जाताना माझ्या नाळेवर हात फिरवला आणि पापण्या फडफडवत दुसरीकडे बघितलं. मी त्याला माफ करून टाकलं.

दीड वर्ष दर शुक्रवारी माझं काम चाललं. फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून ठोकून भरला. पोटाला माशाचं तेल लावलं. वास विचारू नका. साहेबांना चित्रातल्यासारखी उंच केबिन हवी होती. रावजी म्हणाला, "सित्र्याच्या पुलाखालसून जावचां हा ना, साहेब? मगे पूल उचलूचो की केबिन कापूची?" शेवटी भरतीच्या वेळी पुलाखाली दोरी धरून माप घेतलं आणि केबिन बसण्यापुरतीच झाली. उभं राहिलं की डोकं आपटायचं. पहिलं डोकं साहेबांचंच आपटलं.

आत दोन बाकं केली. मधे एक घडीची फळी. ती उघडली की दोन्ही बाकांचा मिळून पलंग. भांडी घसरू नयेत म्हणून फळ्यांना काठ. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, हातपंप आणि बशीएवढं बेसिन. त्या बेसिनाला रावजीनं बसवलेली तांब्याची नळी म्हणजे त्याचा जीव की प्राण होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती दाखवायचा. मला मात्र टाकीची धास्ती वाटे. होडीच्या पोटात पाणी म्हणजे मरण, हे आम्हाला जन्मापासून शिकवलेलं असतं.

मला पाण्यात सोडलं त्या दिवशी रावजीनं नारळ वाढवला, नजीब काहीतरी पुटपुटला आणि साहेबांनी फोटो काढला. मग सुरू झाल्या आमच्या सफरी. खारफुटीमधल्या अरुंद वाटा, पाण्यात रोवलेली झावळ्यांची मासे धरायची कुंपणं, थंडीत येणारे गुलाबी पायांचे रोहित पक्षी. ज्या वळणापलीकडे मी वीस वर्षं घाईघाईनं मासळी घेऊन गेले, तिथे आता आम्ही थांबत होतो, बघत होतो, चहा पीत होतो. फिरणं वेगळं आणि वाहणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं.

आता खरी गोष्ट ऐका. एकदा नजीबनं रावजीला सांगितलं होतं, "इधर बहर के अंदर पानी है, हेलू!" बहर म्हणजे समुद्र, हेलू म्हणजे गोड. समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे वर येतात, त्यांना इथे कौकब म्हणतात. पूर्वी लोक भर समुद्रात जाऊन पखाली भरून आणत. रावजीनं हे जसंच्या तसं बायकोला, रंभाला, पत्रात लिहिलं. रंभानं ते कौतुकानं गावातल्या बावीवर, म्हणजे विहिरीवर, सांगितलं. झालं! बायका हसून लोळल्या. "रंभे, तुझ्या घोवाच्या समुद्रात गोडां पाणी, तर माडाक लाडू पण लागत असतीत गो!" रोज कुणीतरी विचारायचं, "इली काय गो घागर बहरीनसून?" रंभानं त्या बावीवर जाणंच सोडलं. दोन वर्षं ती टेकडीपलीकडच्या दुसऱ्या बावीवरून पाणी आणत होती. डोक्यावर हंडा, आणि मधे चढण! हे सगळं मला कसं कळलं? रावजी तिची पत्रं माझ्या केबिनमध्ये बसून मोठ्यानं वाचायचा. नवरा खोटारडा नाही, एवढ्यासाठी ती चढण चढत होती, आणि रावजी तेवढी ओळ दरवेळी दोनदा वाचायचा.

१९८३ च्या जानेवारीअखेर रंभा आली. एक महिन्याचा व्हिजिट व्हिसा. रावजी सनाबिसला एका खोलीत सहा जणांत राहायचा, तिथे बायकोला कुठे ठेवणार? साहेब म्हणाले, "रावजी, होडी आहे की!" आणि मित्रांनो, महिनाभर माझ्या पोटात खरोखरचा संसार मांडला गेला. मधली घडीची फळी उघडली गेली. फोडणीचा वास माझ्या फळ्यांत मुरला. माशाच्या तेलापेक्षा हजारपट बरा!

रावजीनं विचारलं, "बांगडी करूया तुका? हंय सोनां बरां गावता."

"माका सोनां नको," रंभा म्हणाली. "माका एक बाटली व्हयी. ता पाणी."

पहिला शुक्रवार भेटीगाठींत गेला. दुसऱ्या शुक्रवारी उत्तरेचा वारा असा सुटला की मी दावणीतच नाचत होते. तिसऱ्या शुक्रवारी निघायचं ठरलं. झरा खाडीच्या तोंडाशी, तीन मोठ्या दगडांजवळ होता. ओहोटीला तो उघडा पडतो, पण तिथपर्यंत जायला वाटेत भरतीचं पाणी हवं. म्हणजे भरतीला निघायचं, तिथे थांबायचं, ओहोटीला पाणी भरायचं, पुन्हा भरती आली की परतायचं. सगळी मदार वेळेवर.

केबिनमध्ये गावाहून आलेलं कॅलेंडर लटकत होतं. रावजीनं त्यावर बोट ठेवलं. "आज एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठाक भरती. माझ्या बापाशीन ह्याच हिशोबान पन्नास वर्सां मचवे हाकले."

"अहो, पण हा हिशोब तिकडचा ना?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पाण्याच्या हातात घड्याळ खंय आसा? चंद्र थंय तोच, हंय तोच."

काठावरून नजीब ओरडला, "रावजी! पानी मफी! पानी जाता है!" रावजीनं त्याला हात हलवला आणि हळूच म्हणाला, "हेका काय कळता, हेणां पंचांग खंय बघलां हा?" कोकणातला सुतार दुसऱ्याला भरती विचारील? छे! जीव गेला तरी नाही. मला माझ्या पोटाखाली पाणी सरकत चाललेलं स्पष्ट कळत होतं. पण माझं ऐकतो कोण!

नऊ वाजता मी चिखलात बसले. बसले म्हणजे फतकल मारून बसले. पाणी असं पळालं की आजूबाजूला नुसता चकाकणारा चिखल आणि त्यात तुरुतुरु पळणारे खेकडे. झरा अजून अर्धा कोस लांब, आणि मधल्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुतेल. रावजी कॅलेंडरसमोर बसून तिथी पुन्हा मोजत होता. एकादशी ती एकादशीच! साहेबांनी बिस्किटांचा पुडा शोधला; तो आदल्याच दिवशी संपला होता.

रंभानं लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि माझ्या कडेवरून खाली उतरली. "रुतलंव तर रुतलंव. तिसऱ्ये तरी गावतील." तासाभरात तिनं चिखलातून पातेलं भरून तिसऱ्या शिंपल्या काढल्या, भात लावला, आणि दुपारी पाणी येईपर्यंत सगळे जेवले. ती हसत होती, साहेबांना वाढत होती. पण भांडी घासायला ती मागे आली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिला. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि स्वतःशीच म्हणाली, "आता एकच शुक्रवार रवलो." त्यानंतरच्या सोमवारी तिचं विमान होतं.

त्या संध्याकाळी रावजी जेवला नाही. "बापाशीचो हिशोब चुकलो," असं दोनदा म्हणाला. त्याला झऱ्यापेक्षा तेच जास्त लागलं होतं.

रंभा म्हणाली, "हिशोब चुकूक नाय. ह्यां पाणी आपल्या खाडीतलां नाय, इतक्याच. जेच्या घराक तेचो रिवाज." तिनं नजीबला विचारून पाहिलं, "पाणी कब आता?" तो म्हणाला, "जब आता, तब आता. मैं पानी देखता, घड्याल नहीं देखता." चाळीस वर्षांचा अनुभव, पण वेळ विचाराल तर शून्य!

मग रंभानं काय केलं सांगू? माझी ढकलायची काठी तिनं काठाजवळच्या चिखलात रोवली. साहेबांचं गजराचं घड्याळ उशाशी घेतलं. दिवसभर रावजी कामावर, ती एकटीच. भाजी चिरताना एक डोळा काठीवर. काठीवर पाणी चढायचं थांबलं की घड्याळ बघायचं आणि सुकाणूजवळच्या फळीवर कोळशानं रेघ ओढायची, शेजारी वेळ. कधी पहाटे उठून, कधी जेवण अर्धं टाकून. नजीब येऊन बघायचा आणि मान डोलवायचा. मलाही या खेळाची अशी गोडी लागली की पाणी टेकलं की मी मुद्दाम कुरकुरायचे, तिला कळावं म्हणून.

गुरुवारी रात्री तिनं रावजीला रेघांसमोर बसवलं. "बघा. रोज पाऊण तास उशीर. तुमच्या बापाशीचीच चाल. फकस्त चार तास आधी. तुमच्या पाऊणपटीतसून चार तास काढा, की ह्यां पाणी गावला."

रावजीनं एकेका रेघेवर बोट ठेवून हिशोब केला. मग पहिल्यांदा हसला. "गो, तू मचवो हाकूक व्हयी होतंस."

शेवटचा शुक्रवार, वद्य तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन, वजा चार, म्हणजे सव्वादहा. सव्वादहाला काठीवर पाणी टेकलं, रंभानं सातवी रेघ ओढली आणि आम्ही सुटलो. या वेळी नजीबही बरोबर होता. त्याला रावजीनं स्वतः हात धरून चढवलं. मी कुठेही टेकले नाही. तीन दगडांपाशी नांगर टाकला आणि वाट बघू लागलो. पौर्णिमेनंतरची मोठी ओहोटी होती. चार वाजता वाळू उघडी पडली, आणि दगडांच्या मधे हंड्याच्या तोंडाएवढं एक भोक बुडबुड करत होतं.

रावजी धावला. ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकला. "खारां!"

रंभाच्या हातात व्हिम्टो सरबताची रिकामी बाटली होती, घासून पुसून लख्ख केलेली. ती तिनं पदराखाली घेतली.

"सबर, सबर!" नजीब म्हणाला. "ऊपर का पानी बहर का. नीचे से लेना. पहले हम लोग बांबू डालता था." पण आता बांबू कुठून आणायचा? रावजी एक क्षण थांबला, माझ्यावर चढला, केबिनमध्ये शिरला आणि पाना घेऊन त्यानं आपली ती लाडकी तांब्याची नळी बेसिनापासून खेचून काढली. ती भोकात खोल घातली, भोवती चिखल आणि आपला अंगरखा कोंबला. आधी गढूळ पाणी आलं. मग काहीच नाही. मग नळीच्या तोंडातून बोटभर उंच, काचेसारखं स्वच्छ पाणी उसळलं.

रंभानं ओंजळ धरली. प्यायली. पुन्हा प्यायली.

"शहाळ्यासारखां नाय," ती म्हणाली. "पण गोडां हा." आणि खाली वाळूत बसून ती जी रडायला लागली ती थांबेचना. रावजी नुसता "अगो, अगो" करत तिच्या पाठीवर ओला हात ठेवून उभा राहिला. साहेब चष्मा पुसत राहिले.

बाटली भरली, बुचावर मेण लावलं. उरलेलं पाणी त्यांनी बादलीनं माझ्या टाकीत ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटात समुद्रातलं पाणी आलं आणि मी बुडाले नाही. दिवेलागणीनंतर भरती आली, तीही रंभाच्या वेळेला, आणि आम्ही परतलो. रविवारी रावजीनं पटाशी घेऊन तिच्या कोळशाच्या सात रेघा फळीत कोरून ठेवल्या.

सोमवारी रंभा गेली. महिन्यानं पत्र आलं. रावजीनं ते केबिनमध्ये वाचलं, आणि मी सगळे कान उघडे ठेवून ऐकलं. तिनं ती बाटली जुन्या बावीच्या काठावर नेऊन ठेवली होती. सगळ्या बायकांनी चमचा चमचा चाखलं. मग एकजण म्हणाली, "गोडां आसा खरां. पण ह्यां समुद्रातलां कशावरसून? आमच्याच बावयेतलां भरलंस नाय कशावरसून?" आणि पुन्हा सगळ्या हसल्या!

बघा मित्रांनो! एवढा आटापिटा केला, पण बाटलीतलं गोड पाणी शेवटी बाटलीतल्या गोड पाण्यासारखंच दिसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पुण्याच्या इंजिनिअरच्यासुद्धा नाही!

रावजीनं पुढे वाचलं. "माका राग इलो नाय. मी पण हसलंय. तुमी खोटां बोलनास नाय ह्यां माका आधी म्हायत होतां, आता मी बघून इलंय. आता मी त्याच बावयेर जातंय. उरलेली बाटली मी सगळ्यांच्या देखत बावयेत ओतलंय. आता सगळो गाव बहरीनचां पाणी पिता. हसूद्यात तेंका."

रावजी पोट धरून हसला. मग पत्र घडी करून खिशात ठेवताना त्यानं डोळे पुसले.

पुढे साहेब पुण्याला परतले, रावजी गावी गेला, आणि मी पुन्हा नजीबकडे आले. गावोगावी पंपांनी जमिनीतलं पाणी उपसलं गेलं. तीन दगडांजवळचं भोक आता बुडबुडत नाही. खाडीत भराव पडला, आणि पाणी माझ्यापासून दीडशे पावलं लांब गेलं. शुक्रवारी ईसा टाउनची मुलं माझ्यावर चढून खेळतात. मी मनातल्या मनात त्यांना सांगते, इथे पाणी होतं, आणि समुद्रात गोड पाणी होतं. त्यांच्या कानावर पडलं असतं, तर तीही हसली असती. हसू द्या. पण मित्रांनो, जे खालून गुपचूप येतं, ते कायमच येत राहील असं धरून चालू नका. उपसण्याआधी एकदा वाकून बघा, विचारा, हे कुठून येतं?

आता नजीबचा पुतण्या मला रंगवून खानावळीच्या दारात ठेवणार म्हणे. रंगवा बापडे. फुलं काढा, दिवे लावा, माझ्यात कुंड्या ठेवा. चित्रातल्या त्या होडीसारखी एक खिडकीत ठेवलीत तर बरंच वाटेल. फक्त सुकाणूजवळच्या फळीवरच्या सात रेघांवर रंग भरू नका. एका बाईनं नवऱ्याच्या शब्दासाठी सात दिवस पाण्याकडे बघत काढले, त्याच्या त्या खुणा आहेत. त्या बुजल्या तर हे सांगणारी मी एकटीच उरेन, आणि जुन्या होडीचं बोलणं बावीवरच्या बायकांनी तरी खरं मानलं असतं का?